कोडिंग आपल्याला जमत नाही असं वाटतं, तेव्हा नक्की काय करायचं?

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: मेकॅनिकलची डिग्री, मग सीडॅकचा कोर्स, आणि आता तीन वर्षं पुण्यातल्या एका सर्व्हिस कंपनीत, सपोर्ट प्रोजेक्टवर, जावा आणि जावास्क्रिप्ट या भाषांतलं काम. तीन वर्षं झाली तरी रिव्ह्यूला, म्हणजे सहकाऱ्यांनी तपासायला, कोड टाकला की वीस-वीस कमेंट येतात. ज्या बगवर, म्हणजे प्रोग्राममधल्या चुकीवर, दोन दिवस डोकं आपटलं, तो टीम लीड येऊन दहा मिनिटांत काढते. बरोबरची मुलं पुढे गेली. रविवारी संध्याकाळपासूनच पोटात गोळा येतो. मग आपल्यात मुळातच काही कमी आहे का? सुधारायचं तर सुरुवात कुठून करायची? की सरळ टेस्टिंगला, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर तपासायच्या कामाला, जावं?

हा प्रश्न विचारला की बहुतेक लोक एकच उत्तर देतात: ‘अरे, हा इम्पोस्टर सिंड्रोम आहे, सगळ्यांनाच असं वाटतं, तू चांगलाच आहेस.’ मी ते उत्तर देणार नाही. ही कल्पना पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मांडली, ती कर्तबगार स्त्रियांकडे बघून. पदव्या, मानसन्मान, सहकाऱ्यांची शाबासकी असं सगळं त्यांच्या गाठीशी होतं, आणि तरीही आपण लोकांना फसवतोय असं त्यांना आतून वाटत होतं. म्हणजे तिथे पुरावा एक सांगत होता आणि मन दुसरंच. तुमच्या बाबतीत पुरावा काय सांगतो, हे अजून तुम्हीही पाहिलेलं नाही आणि मीही. कदाचित तुम्ही काही बाबतींत खरंच कच्चे असाल. हे मी तुम्हाला खाली पाडायला म्हणत नाही. कच्चेपणावर इलाज असतो. ‘तुला उगाच वाटतंय’ या निदानावर काहीच इलाज नसतो, आणि म्हणूनच ते ऐकून चार दिवस बरं वाटतं आणि पाचव्या दिवशी माणूस परत तिथेच येतो.

खरी अडचण वेगळी आहे. ‘मी वाईट प्रोग्रामर आहे’ हा एक अखंड धोंडा आहे. त्याला कुठून हात घालायचा ते कळत नाही. म्हणून माणूस काहीतरी मोठं करायला जातो: एकदम तीन ऑनलाइन कोर्स विकत घेतो, रात्री कोडी सोडवायला बसतो, नवीन भाषा शिकायला घेतो. दोन आठवड्यांत ते सुटतं आणि ‘बघा, मला हेही जमलं नाही’ अशी आणखी भर पडते. हा धोंडा आधी फोडायला हवा. त्यासाठी इतक्या वर्षांत मला एकच साधन हमखास उपयोगी पडताना दिसलं आहे, ते म्हणजे चुकांची वही.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण डोनाल्ड कनूथ यांचं. संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार त्यांना १९७४ मध्ये मिळाला. त्यानंतर त्यांनी टेक् नावाची छपाईची अक्षरजुळणी करणारी प्रणाली लिहायला घेतली, आणि १९७८ पासून त्या प्रोग्राममधली सापडलेली प्रत्येक चूक आणि केलेला प्रत्येक बदल क्रमाने नोंदवून ठेवला. १९८९ मध्ये त्यांनी ती यादी निबंधासह प्रसिद्ध केली. तीत साडेआठशेहून अधिक नोंदी होत्या. प्रत्येक नोंदीपुढे एक अक्षर, आणि अशी एकूण पंधरा अक्षरं: अल्गोरिदमच चुकला, काहीतरी करायचं विसरलो, दोन भागांचा एकमेकांशी मेळ बसला नाही, अशी परिस्थिती येईल हे सुचलंच नाही, साधी टायपिंगची चूक, वगैरे. पुरस्कार मिळून गेल्यावर, जगाने डोक्यावर घेतलेलं असताना, हा माणूस आपली टायपिंगची चूकही लिहून ठेवत होता. तुम्ही ही वही ठेवलीत तर त्यात कमीपणा काही नाही, एवढ्यासाठीच हे सांगितलं.

आता वही ठेवायची कशी, ते नीट सांगतो, कारण इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. ‘आज नल पॉइंटर आला, दुरुस्त केला’ असं लिहिणं म्हणजे पाट्या टाकणं. प्रत्येक चुकीला चार गोष्टी लिहा. काय दिसलं. खरी चूक कुठे निघाली. चूक करताना मी मनात काय धरून चाललो होतो. आणि ती आधी कशी पकडता आली असती. यातली तिसरी नोंद सगळ्यात महत्त्वाची. प्रत्येक बगच्या मागे आपण खरी धरलेली एखादी खोटी गोष्ट असते, आणि ती शब्दांत उतरवल्याशिवाय हाती लागत नाही.

एक नमुना घेऊ. हा बग आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक प्रोजेक्टमध्ये कधी ना कधी येतो, तुम्हीही पाहिला असेल. स्क्रीनवर कॅलेंडर आहे. वापरणाऱ्याने १ एप्रिल निवडला. डेटाबेसमध्ये जाऊन बघितलं तर ३१ मार्च. म्हणजे फक्त दिवसच चुकला नाही, व्हाउचर मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसलं आणि अकाउंट्सवाल्यांचा फोन आला. ज्युनियर काय करतो? कोड उघडतो, तारीख एक दिवस मागे जातेय हे बघतो, आणि पाठवायच्या आधी एक दिवस मिळवतो. टेस्ट केलं, १ एप्रिल दिसला, तिकीट (तक्रारीची नोंद) बंद. काही महिन्यांनी अमेरिकेतल्या क्लायंटकडून तक्रार येते की त्यांच्या तारखा एक दिवस पुढे पडतायत.

घडलं काय होतं? ब्राउझरने १ एप्रिल म्हणून जी वस्तू (ऑब्जेक्ट) बनवली, ती भारतीय वेळेनुसार १ एप्रिलच्या मध्यरात्री बाराची. ती सर्व्हरला पाठवताना तिचा मजकूर यूटीसी, म्हणजे जगभर प्रमाण मानल्या जाणाऱ्या वेळेत केला गेला. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणून तोच क्षण तिथे ३१ मार्चची संध्याकाळ, साडेसहा वाजले. आणि पुढच्या ओळीत कोणीतरी त्या मजकुराची पहिली दहा अक्षरं, म्हणजे वर्ष-महिना-दिवस, तेवढी कापून घेतली होती. झालं, ३१ मार्च. न्यूयॉर्कमध्ये मात्र १ एप्रिलची मध्यरात्र म्हणजे यूटीसीची त्याच दिवशीची पहाट, चार वाजले. तिथे दिवस मुळात चुकत नव्हताच. आपण मिळवलेल्या एका दिवसाने तो चुकवला.

आता याच बगच्या दोन नोंदी बघा. पहिली: ‘तारीख एक दिवस मागे जात होती. एक दिवस मिळवला.’ दुसरी: ‘मी धरून चाललो होतो की तारखेच्या वस्तूत फक्त दिवस असतो. खरं तर तिच्यात एक क्षण असतो, आणि तो क्षण कुठल्या दिवशी पडतो हे टाइमझोनवर ठरतं. नुसता दिवस हवा असेल तर वर्ष-महिना-दिवस असा साधा मजकूरच पाठवायचा, आणि जावाच्या बाजूला लोकलडेट वापरायचं. पकडता कसं आलं असतं: मशीनचा टाइमझोन बदलून तीच टेस्ट परत चालवली असती तर.’ लोकलडेट, म्हणजे नुसती तारीख ठेवणारा प्रकार, जावामध्ये २०१४ सालच्या आठव्या आवृत्तीपासून आहे, नेमकं अशाच भानगडींसाठी. पहिली नोंद लिहिणारा आणि दुसरी लिहिणारा, दोघांनी तिकीट बंदच केलं. पण दुसऱ्याचा टाइमझोनच्या बगांचा अख्खा वर्ग त्या दिवशी निकालात निघाला. पहिल्याला तो बग दर सहा महिन्यांनी नव्याने भेटणार, आणि दर वेळी त्याला वाटणार की आपलं डोकंच चालत नाही.

महिनाभर अशा नोंदी झाल्या की वही शांतपणे वाचायला बसा आणि कनूथ यांच्यासारखी प्रत्येक नोंदीला एक जात द्या. जाती तुमच्या तुम्ही पाडा, पंधराची गरज नाही. मी टीममध्ये नव्याने येणाऱ्या मुलामुलींना हे करायला लावतो, आणि निघणारं उत्तर बहुतेक वेळा त्यांच्या स्वतःबद्दलच्या समजुतीपेक्षा वेगळं असतं. एका मुलीची खात्री होती की आपलं लॉजिक कच्चं आहे, आणि ती रोज रात्री कोडी सोडवत बसायची. वहीत लॉजिकची चूक जवळपास नव्हतीच. होतं काय, तर एरर मेसेज अर्धवट वाचून कामाला लागणं, आणि यादी रिकामी आली तर काय होईल याचा विचार न करणं. कोड्यांचा या दोन्हींशी काही संबंध नव्हता. तिने कोडी बंद केली. मेसेज शेवटपर्यंत वाचायची सवय लावून घेतली, आणि प्रत्येक फंक्शनला ‘रिकामं, एक, खूप’ असे तीन इनपुट देऊन बघायला लागली. पुढच्या दोन-तीन महिन्यांत तिच्या रिव्ह्यूचा सूरच बदलला.

तुमच्या लीडच्या त्या दहा मिनिटांबद्दल. तुम्हाला वाटतं ती बुद्धीची गोष्ट आहे. त्यात दोन भाग आहेत. एक भाग आठवणीचा: असाच बग तिने पूर्वी पाहिलेला असतो. तो भाग वर्षांनीच येतो, त्याची घाई करून उपयोग नाही. दुसरा भाग शिस्तीचा, आणि तो काही आठवड्यांत शिकता येतो. पुढच्या वेळी ती आली की स्क्रीनकडे बघू नका, ती काय क्रमाने करते ते बघा. ती बहुधा कोड उघडतच नाही. आधी विचारते, ‘हे शेवटचं नीट कधी चालत होतं? त्यानंतर काय बदललं?’ मग एरर पूर्ण वाचते. जावाच्या लांबलचक स्टॅक ट्रेसमध्ये (एरर कुठून कुठून आली त्या यादीत) खरं कारण पुष्कळदा सगळ्यात खालच्या ‘कॉज्ड बाय’पाशी असतं. पायथॉनमध्ये शेवटची ओळ आधी वाचायची असते. ज्युनियर वरच्या चार ओळी बघून गूगलकडे धावतो. मग ती बग परत घडवून आणते, आणि तो घडवणारं इनपुट लहान-लहान करत नेते. शंभर रेकॉर्डने येतो तर दहाने येतो का? एका रेकॉर्डने? आणि मग मधोमध कापते: डेटा इथपर्यंत बरोबर आहे का? आहे, म्हणजे चूक पुढच्या अर्ध्यात.

हेच कापणं गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, बायसेक्ट या आज्ञेत तयार मिळतं. हजार कमिटपूर्वी (नोंदवलेल्या हजार बदलांपूर्वी) सगळं नीट होतं आणि आज नाही, एवढंच माहीत असलं तरी दर वेळी मधला कमिट तपासत गेलं की साधारण दहा तपासण्यांत दोषी कमिट सापडतो. तुमचे दोन दिवस बहुतेक अंदाजपंचे दाहोदरसे जातात. इथे एक ओळ बदल, तिथे एक बदल, परत चालव, बदललेलं काय होतं ते विसर. हे मी तुम्हाला न बघता सांगतोय, पण दोन दिवस लागणाऱ्या दहांपैकी आठ जणांचं असंच चाललेलं असतं. तेव्हा एक नियम करा. काहीही बदलण्याआधी कागदावर एक वाक्य लिहायचं: ‘मला वाटतं चूक अमुक ठिकाणी आहे, आणि तसं असेल तर अमुक छापलं की अमुक दिसेल.’ दिसलं नाही तर तो अंदाज खोडायचा आणि बदल मागे घ्यायचा. सुरुवातीला हे फार सावकाश वाटतं. तसंच करा.

लीडला बोलवायचं कधी, यालाही हिशेब हवा. तासभर वरच्या पद्धतीने प्रयत्न केल्यावर नवीन अंदाज सुचेनासा झाला की थांबा आणि विचारा. विचारताना तीन गोष्टी हातात ठेवा: काय व्हायला हवं होतं, काय होतंय, आणि कोणकोणते अंदाज खोडून झाले. इंग्रजीमुळे किंवा मेकॅनिकलचा शिक्का म्हणून विचारायला लाज वाटत असेल, तर हे तीन मुद्दे आधी लिहून पाठवा. लिहिलेल्या प्रश्नाला उच्चार नसतो. लीड मराठी असेल तर सरळ मराठीत विचारा. आणि तिने बग काढून दिला की उत्तर घेऊन पळू नका. ‘तू आधी तिथेच का बघितलंस?’ हा एक प्रश्न विचारा. त्या प्रश्नाने तुम्ही जेवढं शिकाल तेवढं कुठल्याही कोर्समध्ये शिकणार नाही.

अनुभवी माणसाच्या हातून चुका होत नाहीत, हा समज मात्र डोक्यातून पूर्ण काढून टाका. बायनरी सर्च घ्या, कॉलेजच्या पहिल्या वर्षात शिकवतात ते: क्रमाने लावलेल्या यादीत मधला घटक बघून दर वेळी निम्मी यादी सोडून द्यायची. कनूथ यांनीच नोंदवलंय की ही पद्धत पहिल्यांदा छापून आली १९४६ मध्ये, आणि सर्व आकाराच्या याद्यांवर चालणारं तिचं रूप पहिल्यांदा छापून आलं ते १९६० मध्ये. संगणकशास्त्रज्ञ जॉन बेंटली यांनी व्यावसायिक प्रोग्रामरना ती लिहायला दिली, भरपूर वेळ दिला, तरी बहुतेकांच्या उत्तरात चुका निघाल्या. आणि कळस म्हणजे जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतलं बायनरी सर्च. मधला क्रमांक काढण्यासाठी तिथे खालचा आणि वरचा क्रमांक मिळवून दोनाने भागलं होतं. यादी खूप मोठी असली की ती बेरीज २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जाते, इंट या पूर्णांकाच्या प्रकारात मावत नाही आणि ऋण होते. ही चूक सुमारे नऊ वर्षं जगभर चालत राहिली. २००६ मध्ये ती जाहीरपणे समजावून सांगितली ती जोशुआ ब्लॉक यांनी, म्हणजे तो कोड ज्यांनी लिहिला होता त्यांनीच. बेंटली यांनी बरोबर म्हणून दाखवलेल्या प्रोग्राममध्येही तीच चूक होती, हेही ब्लॉक यांनी लिहिलं. चांगल्या प्रोग्रामरच्या चुका थांबत नाहीत. फरक इतकाच की चूक सापडल्यावर तो तिच्यामागे कारणापर्यंत जातो, आणि मग सगळ्यांना सांगतो.

रिव्ह्यूच्या वीस कमेंट या एकाच तराजूत तोलू नका. पुढच्या वेळी त्यांचे तीन ढीग करा. नावं, स्पेस, न वापरलेले इम्पोर्ट: हे फॉर्मॅटर आणि लिंटर या कोड आपोआप तपासून नीटनेटका करणाऱ्या साधनांचं काम आहे, ते तुमच्या मशीनवर लावून टाका आणि निम्मा ढीग कायमचा विसरा. दुसरा ढीग ‘आपल्या टीममध्ये असं करत नाहीत’ या जातीचा. तो एकदा कळला की झाला. तिसरा ढीग खऱ्या चुकांचा आणि रचनेचा. तो बहुधा तीन-चार कमेंटचा असतो, आणि तेवढाच वहीत जातो. रिव्ह्यूला एका वेळी आठशे ओळी टाकत असाल तर ते आधी बंद करा. शंभर-दीडशे ओळींचा बदल माणूस नीट वाचतो, आठशे ओळी बघून तो एकतर कंटाळून पास करतो किंवा वैतागून फोडून काढतो. आणि पाठवण्याआधी आपलाच बदल दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा वरपासून खालपर्यंत वाचा, शक्य असेल तर रात्र मध्ये जाऊ द्या. सकाळच्या ताज्या डोळ्यांना निम्म्या गोष्टी आपल्या आपणच दिसतात.

‘तीन वर्षं झाली तरी’ असं तुम्ही लिहिलंय, म्हणून सरावाबद्दल थोडं. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांवरचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातला तासांचा आकडा लोकांनी उचलला आणि मुख्य गोष्ट सोडून दिली. सराव म्हणजे नुसते तास नव्हेत. आत्ता जे जमत नाही नेमकं त्यावर बोट ठेवून, चुकलं की लगेच कळेल अशा रीतीने केलेलं काम म्हणजे सराव. आता तुमची तीन वर्षं आठवा. सपोर्ट प्रोजेक्ट, तिकीट आलं, मागच्या तिकिटातलं उचलून चिकटवलं, बंद केलं. तीच स्क्रीन, तेच फॉर्म, तोच रिपोर्ट. यात पगार मिळतो, हात बसत नाही. मला याचा मनापासून राग येतो, कारण आपल्याकडची कितीतरी हुशार मुलं अशा कामात वर्षानुवर्षं ठेवली जातात आणि शेवटी त्यांनाच वाटतं की आपणच मठ्ठ. तुम्ही तीन वर्षं सराव करून मागे राहिला नाहीत. सरावाची संधीच तुम्हाला फार थोडी मिळाली आहे, आणि ती आता तुम्हालाच काढावी लागेल.

ती कुठून काढायची? ऑफिसातच एक व्यायाम आहे. तुमच्या ॲप्लिकेशनमधलं एक बटण निवडा. ते दाबल्यापासून ब्राउझर, सर्व्हर, डेटाबेस आणि परत स्क्रीनवर आकडा दिसेपर्यंत काय काय होतं, ते फाइल आणि ओळीसकट कागदावर उतरवा. कुठेही ‘मग ते फ्रेमवर्क बघून घेतं’ असं लिहायचं नाही, आत जाऊन बघायचं. पहिल्या बटणाला आठवडा जाईल. तिसऱ्या बटणापासून सिस्टिम तुमच्या डोक्यात उभी राहायला लागेल, आणि ‘हे कुठे शोधायचं’ या प्रश्नातच जाणारा वेळ वाचेल. डेटाबेसशी आलात की ती क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) एक्सप्लेन ही आज्ञा लावून चालवा, इंडेक्स (झटपट शोधासाठीची सूची) वापरला जातोय की सगळं टेबल चाळलं जातंय ते बघा. लूपच्या आत दर वेळी एक क्वेरी जातेय का तेही बघा. पहिल्याच आठवड्यात काहीतरी सापडेल आणि ते सुधारलंत तर लीड तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघेल.

घरी एकच गोष्ट करा: खऱ्या माणसाला लागणारं एक छोटं सॉफ्टवेअर बनवा आणि सहा महिने सांभाळा. सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब, आईच्या भिशीचा हिशेब, काहीही. टूडू लिस्ट नको, ती कोणी वापरत नाही म्हणून ती काही शिकवत नाही. भिशीच्या बायका पहिल्याच महिन्यात विचारतील की अर्धेच पैसे दिले तर कसं दाखवायचं, चुकून दोनदा नोंद झाली तर काय, मागच्या महिन्याची रक्कम बदलायची असेल तर. अर्धवट भरणा, दुबार नोंद, इतिहास न बिघडवता दुरुस्ती, बॅकअप: व्यवसायात ज्यावर लोकांचे पगार चालतात ते हेच प्रश्न, आणि इथे ते टाळून पळायला तुम्हाला कोणी सीनियर नाही. कोर्स बघताना सगळं कळतं आणि रिकामी फाइल उघडली की काहीच सुचत नाही, हा अनुभव तुम्हाला असणारच. त्यावर औषध रिकामी फाइलच आहे.

मेकॅनिकलचं म्हणाल तर खड्डा आहे, पण तो मोजता येतो. डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टिममधलं प्रोसेस आणि मेमरी, नेटवर्क आणि एचटीटीपी, डेटाबेसचे इंडेक्स आणि ट्रान्झॅक्शन. एवढंच. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. चारही एकदम घेऊ नका, वहीत ज्याची नोंद जास्त वेळा येते तो विषय आधी.

एआयबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण त्याशिवाय हे उत्तर अपुरं राहील. कोड सुचवणाऱ्या कोपायलटचं पहिलं रूप २०२१ च्या जूनमध्ये आलं, चॅटजीपीटी २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये. तुमची नोकरीची सगळी वर्षं याच काळातली. आधीच्या पिढीला अडकून पडण्याशिवाय पर्याय नव्हता, आणि बग शोधायची शिस्त त्या अडकण्यातूनच अंगात मुरली. तुम्हाला ते अडकणं मुद्दाम घ्यावं लागेल. साधन वापरू नका असं मी म्हणणार नाही, मीही रोज वापरतो. पण विचारण्याआधी आपला अंदाज एका वाक्यात लिहा, मग विचारा, आणि दोन्ही ताडून बघा. अंदाज चुकला असेल तर तीही वहीतली नोंद. आणि जी ओळ कोणी विचारली तर स्वतः समजावून सांगता येणार नाही, ती कमिट करू नका. वही मात्र हाताने, स्वतःच्या शब्दांत लिहायची. ती दुसऱ्याकडून लिहून घेतली तर सगळा खटाटोपच वाया.

रविवारच्या गोळ्याबद्दल वेगळं बोलायला हवं. कामाची धास्ती आणि आजार यात फरक असतो. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, ऑफिस सोडून इतर गोष्टींतूनही मन उडालं असेल आणि हे आठवडे-आठवडे चाललं असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा, वही नंतर. केंद्र सरकारची टेलिमानस ही फोनवरची मोफत सेवा २०२२ पासून आहे, नंबर १४४१६, आणि तिथे मराठीत बोलता येतं. दुसरं, कोणी चारचौघांत पाणउतारा करत असेल, रिव्ह्यूमध्ये कोडऐवजी तुमच्यावर बोलत असेल, तर तो प्रश्न तुमच्या कौशल्याचा नाही. तिथे टीम बदलून मागा. अशा ठिकाणी माणूस चूक लपवायला शिकतो, आणि चूक लपवणाऱ्याला वही ठेवता येत नाही. तुमच्या लिहिण्यावरून तुमची लीड तशी वाटत नाही. दहा मिनिटं का होईना, ती शेजारी येऊन बसते.

राहिला टेस्टिंगचा प्रश्न. टेस्टिंगमध्ये कोडिंग न जमलेल्यांनी जायचं असतं, ही आपल्याकडची एक वाईट समजूत आहे. चांगल्या टेस्टरला ‘इथे हे धरून चालले असतील’ हे बाहेरून ओळखता यावं लागतं, म्हणजे वहीतला तिसरा रकाना त्याला दुसऱ्याच्या डोक्यात शिरून भरावा लागतो. तेव्हा घाबरून तिकडे जाल तर तिथेही रविवारचा गोळा येईल. आज निर्णय घेऊ नका. चार महिने वही ठेवा आणि मग दोन गोष्टी बघा. एक, पहिल्या महिन्यातल्या मोठ्या जातीच्या चुका चौथ्या महिन्यात कमी झाल्यात का? झाल्या असतील तर तुम्ही शिकताय, आणि डेव्हलपमेंट सोडायला कौशल्याचं कारण उरत नाही. एकूण चुका तितक्याच असतील तर घाबरू नका, त्या नव्या जातीच्या असतील तर तुम्ही जास्त अवघड कामाला हात घालताय. दोन, कुठल्या नोंदी लिहिताना तुम्हाला मजा आली? बांधण्याच्या, की मोडून बघण्याच्या? दुसऱ्याच्या कोडमध्ये कोणालाच न दिसलेली भानगड सापडली तो दिवस सगळ्यात चांगला गेला असेल, तर खुशाल टेस्टिंगला जा आणि ऑटोमेशन शिकून जा. तिथे लागणारं कोडिंग तोवर तुम्हाला येत असेल.